वीस मिलिसेकंदांचा वारसा: कॉम्प्युटर, सर्वो मोटर आणि मधला दुभाष्या

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून आकड्यांचा भाग इथे जरा सविस्तर दिला आहे.)



आज एका आकड्याचा इतिहास सांगणार आहे. आकडा आहे वीस. वीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग.

वसईपासून नागपूरपर्यंत कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात जा. टेबलावर लॅपटॉप असतो, त्याला यूएसबी वायरने जोडलेला एक छोटा निळा बोर्ड असतो आणि बोर्डाला एक रोबोटचा हात. लॅपटॉपवर ९० टाइप केलं की कोपर काटकोनात येतं, ४५ टाइप केलं की खाली झुकतं. त्या कोपरात जी मोटर असते तिला हॉबी सर्वो म्हणतात. तिला दर वीस मिलिसेकंदांनी विजेचा एक छोटा ठोका, म्हणजे पल्स, द्यावी लागते. आता त्या पोराला विचारा, वीसच का? पंधरा का नाही, पंचवीस का नाही? उत्तर येतं: सर्वोला पन्नास हर्ट्झ लागतात, डेटाशीटमध्ये तसं लिहिलंय.

लिहिलंय हे खरं. पण कोणी लिहिलं आणि का लिहिलं? याचं उत्तर मोटरच्या विज्ञानात नाही, रोबोटिक्समध्ये तर नाहीच. ते साठ वर्षांपूर्वी आकाशात उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानांमध्ये आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपण जे तांत्रिक आकडे पाठ करतो, त्यातले काही निसर्गाचे नियम असतात आणि काही नुसता वारसा असतो. कोणता आकडा कुठला हे कळलं नाही, तर आपण वारशालाच नियम समजून बसतो.

ऐकणारी मोटर

आधी सर्वो म्हणजे काय ते पाहू. साधी मोटर वीज दिली की फिरत राहते. किती फिरली, कुठे थांबली, तिला काही कळत नाही. सर्वोचं तसं नाही. तिच्या डबीत चार वस्तू असतात: एक छोटी डीसी मोटर, वेग कमी करून ताकद वाढवणारी गिअरची चाकं, बाहेरच्या दांड्याला जोडलेला एक पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तोच) आणि एक लहानसं सर्किट. दांडा आत्ता कुठे आहे ते पोटेन्शिओमीटर सांगतो. कुठे जायचंय ते बाहेरून आलेली पल्स सांगते. सर्किट दोन्ही ताडून पाहतं आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरवतं. रिक्षा मागे घेताना आपण बाहेर उभं राहून "येऊ दे, येऊ दे, बस, जरा पुढे" करतो ना, तेच काम इथे डबीच्या आत चालतं.

ही कल्पना खूप जुनी आहे. जोसेफ फार्को नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८७३ साली एक पुस्तकच लिहिलं, त्याच्या नावात 'सर्वो-मोतर' हा शब्द आहे. विषय होता वाफेच्या जहाजांचं सुकाणू. जहाजं एवढी मोठी झाली होती की माणसाच्या हातांना सुकाणू फिरवणं जड जाऊ लागलं. फार्कोच्या यंत्रात माणूस एक हलका दांडा फिरवायचा आणि वाफेचं इंजिन सुकाणूला नेमकं तेवढंच फिरवून थांबायचं. 'सर्वो'च्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ गुलाम, सेवक. म्हणजे हुकूम बरोब्बर पाळणारं यंत्र. हा 'सेवक' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो जरा महागात पडणार आहे.

आकाशातली खेळणी

जहाजावरून आता विमानाकडे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. पण हौशी माणसाच्या हातात रेडिओ कंट्रोल यायला बराच काळ गेला. १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन भावांनी रेडिओवर चालणारं मॉडेल विमान उडवलं. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्या काळच्या विमानांत सर्वो नव्हती, एस्केपमेंट होती. पिळलेल्या रबराची ताकद आणि ती एकेक टप्प्याने सोडणारं विद्युतचुंबक. बटण दाबलं की शेपटीचं सुकाणू पूर्ण डावीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की पूर्ण उजवीकडे. "थोडंसं डावीकडे" असं सांगायची सोयच नव्हती.

हौशी लोकांना नेमकं हे 'थोडंसं' हवं होतं. काडी जितकी हलवू तितकंच सुकाणू हलायला हवं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स या दोघांनी 'डिजिकॉन' नावाची पद्धत आणली आणि पुढे अनेक उत्पादकांनी तोच मार्ग धरला. तिची युक्ती अशी: काडी कुठे आहे हे व्होल्टेजने सांगायचं नाही, वेळेने सांगायचं. काडी मधोमध असेल तर दीड मिलिसेकंदाची पल्स, एका टोकाला एक मिलिसेकंद, दुसऱ्या टोकाला दोन. रेडिओ सिग्नल कमी-जास्त झाला तर व्होल्टेज बदलतं, पण पल्सची लांबी बहुतांशी टिकून राहते. म्हणून वेळ.

आता वीसचा हिशेब. विमानाला एकच सुकाणू नसतं. शेपटी, पंखाची फळी, इंजिनाचा वेग, चाकं, असे समजा आठ चॅनल. रेडिओ मात्र एकच. मग प्रत्येक चॅनलची पल्स एकापाठोपाठ एक पाठवायची. आठ चॅनल, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन मिलिसेकंद, झाले सोळा. त्यानंतर एक मोठी शांतता, म्हणजे विमानातल्या रिसीव्हरला कळावं की फेरी संपली, आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सोळा आणि ही शांतता मिळून साधारण वीस. रिसीव्हर पहिली पल्स पहिल्या सर्वोला वाटायचा, दुसरी दुसऱ्या सर्वोला, पंगतीत वाढपी फिरतो तसा. वाढपी पुन्हा आपल्या पानापाशी यायला वीस मिलिसेकंद लागायचे.

बस, एवढंच. प्रत्येक सर्वोला वीस मिलिसेकंदांनी पल्स मिळायची, कारण मधल्या वेळात बाकीच्या सात जणांचं वाढणं चालू असायचं. आज आपल्या टेबलावर एकच सर्वो असते, रेडिओ नसतो, विमान नसतं. तरी आपला प्रोग्राम एक ते दोन मिलिसेकंद पल्स देतो आणि उरलेले अठरा मिलिसेकंद न आलेल्या पाहुण्यांसाठी थांबून राहतो.

आणखी दोन खुणा सांगतो. सर्वोच्या कागदावर ताकद ४.८ व्होल्ट आणि ६ व्होल्टला दिलेली असते. हे विचित्र ४.८ कुठून आलं? निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा. असे चार सेल विमानात बसवायचे, झाले ४.८. पाच बसवले की ६. दुसरी खूण वजनाची. दुकानात सर्वो मागताना आपण 'नऊ ग्रॅमची' म्हणतो. मोटर ग्रॅमवर कोण मागतं? ज्याला ती हवेत उचलायची आहे तो.

कॉम्प्युटरची अडचण

इतिहासातला पुढचा टप्पा म्हणजे ही विमानाची मोटर कॉम्प्युटरला जोडणं. वरवर सोपं वाटतं. कॉम्प्युटर सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करतो, त्याला दीड मिलिसेकंदाची पल्स देता येऊ नये?

येत नाही, आणि कारण गमतीदार आहे. कॉम्प्युटर वेगवान आहे, पण वक्तशीर नाही. तुमचा प्रोग्राम चालू असताना तो मध्येच ब्राउझरकडे बघतो, माउसकडे बघतो, अँटिव्हायरसला वेळ देतो. विंडोजचं अंतर्गत घड्याळ वर्षानुवर्षं साधारण १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकत आलं आहे. आणि सर्वोचा एक अंश म्हणजे साधारण दहा मायक्रोसेकंदांचा फरक! मी पोटापाण्यासाठी वेबचं सॉफ्टवेअर लिहितो. तिथे एखादं उत्तर पाच मिलिसेकंद उशिरा आलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सर्वोच्या जगात तेवढ्या वेळात पूर्ण पल्स येऊन गेलेली असते.

जुन्या डॉसच्या काळात प्रिंटरच्या पॅरलल पोर्टातून थेट पल्स काढायची युक्ती चालायची, कारण डॉस एका वेळी एकच काम करायचा. विंडोज आल्यावर तीच सर्वो थरथरू लागली.

उपाय काय? गाण्याच्या मैफिलीत गवई मोकळा असतो. आलाप लांबवेल, मध्येच थांबून पाणी पिईल. ठेका धरायचं काम तबलजीचं. आपल्या गोष्टीत कॉम्प्युटर गवई आहे आणि मायक्रोकंट्रोलर तबलजी. वीस मिलिसेकंदांचं आवर्तन त्याने धरून ठेवायचं. त्याला ब्राउझर नाही, माउस नाही, दुसरा धंदा नाही. त्याच्या आत टायमर नावाचं स्वतंत्र मोजयंत्र असतं, तेच पल्स चालू-बंद करतं. कॉम्प्युटरने फक्त अधूनमधून सांगायचं, "आता तीन नंबरला ९० वर ने."

दुसरा वारसा: तारेचा

पण सांगायचं कसं? इथे आपल्याला आणखी एक म्हातारी भाषा भेटते. कॉम्प्युटर मायक्रोकंट्रोलरशी बोलतो ते सिरियल पद्धतीने, एका वायरवर एकामागून एक बिट. या वेगाला बॉड म्हणतात, एमिल बॉदो या फ्रेंच तारयंत्र इंजिनिअरच्या नावावरून. प्रत्येक अक्षराआधी एक 'सुरू' बिट आणि शेवटी एक 'थांब' बिट, ही रीत टेलिप्रिंटरची. आपल्या देशात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेची बोली प्रत्येक आर्डुइनोच्या यूएसबी वायरमध्ये चालू आहे. लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट कधीच गायब झाला. तरी बोर्ड लावला की विंडोज 'कॉम ३' किंवा 'कॉम ५' असं म्हणतं. बोर्डावरची एक चिप यूएसबीला सिरियल असल्याचं सोंग आणायला लावते.

१९९० च्या दशकात अमेरिकेत 'मिनी एसएससी' नावाचा छोटा बोर्ड मिळायचा. त्याची भाषा इतकी सोपी होती की ती आजही पुष्कळ ठिकाणी चालते. तीन बाइट पाठवायचे: पहिला २५५, म्हणजे "ऐका", दुसरा सर्वोचा नंबर, तिसरा ० ते २५४ मधली जागा. झालं! सेकंदाला ९६०० बॉडने एक बाइट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे एका हुकमाला तीन. वीस मिलिसेकंदांच्या एका आवर्तनात सहा हुकूम बसतात. इतक्या कमी शब्दांत कॉम्प्युटरने यंत्राचा हात हलवला.

म्हणजे चित्र असं दिसतं. एका बाजूला कॉम्प्युटर, तो तारऑफिसची बोली बोलतो. दुसऱ्या बाजूला सर्वो, तिला खेळण्यातल्या विमानाची बोली कळते. मधला मायक्रोकंट्रोलर दुभाष्या.

हे आपल्याकडे कसं आलं

इंटेलची ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप १९८० ची. मुंबई विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. तिच्यावर सर्वो चालवायची तर टायमरचे आकडे हाताने काढायचे, असेंब्लीत लिहायचं, चिप प्रोग्रामरमध्ये ठेवून भाजायची. सामान आणायचं लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं कोणी म्हणत नाही. आम्हा वसई-विरारकरांची वाट ठरलेली: विरार फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून स्लो पकडायची, नाहीतर मुंबई सेंट्रलला उतरून पायी सुटायचं.

स्पर्धांनी या विषयाला हवा दिली. आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट १९९८ मध्ये सुरू झाला. पुढे ऑगस्ट २००८ मध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांची 'रोबोकॉन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली, आणि विषय काय, तर गोविंदा! यंत्रांनी हंडीतलं लोणी काढायचं. देशोदेशीचे विद्यार्थी दहीहंडी समजून घेत होते. अशा मोठ्या यंत्रांत जड कामं डीसी मोटर आणि हवेच्या दाबाचे सिलिंडर करतात. सर्वोच्या वाट्याला चिमटा धरणं, सोडणं अशी नाजूक कामं येतात.

आयआयटी मुंबईतच प्रा. कवी आर्य यांच्या पुढाकाराने 'ई-यंत्र' प्रकल्प उभा राहिला आणि 'फायरबर्ड पाच' हा रोबोट कॉलेजा-कॉलेजात पोचला. त्यात एटीमेगा२५६० चिप, आणि सर्वोसाठी तीन जोडण्या. या रोबोटाच्या क्रिस्टलवर म्हणजे घड्याळावर आकडा असतो १४.७४५६ मेगाहर्ट्झ. हा काय आकडा झाला? सरळ पंधरा का नाही? भागून बघा. १,४७,४५,६०० ला १६ ने भागा, मग ८ ने भागा, बरोब्बर १,१५,२०० येतात. आणि १,१५,२०० बॉड हा १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरियल पोर्टाचा सर्वांत मोठा वेग. म्हणजे रोबोटाचं हृदय ज्या तालावर धडधडतं तो कॉम्प्युटरशी बोलणं सोपं जावं म्हणून निवडलेला आहे. आर्डुइनो उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, सरळ आकडा; म्हणून १,१५,२०० चा वेग त्याला नेमका साधत नाही, दोन टक्क्यांच्या आसपास चूक राहते. चालून जातं, कारण तारेची बोली एवढी चूक पोटात घालते.

आर्डुइनोचं मूळ इटलीतल्या इव्रिया गावातलं, साल २००५. त्याआधी तिथल्याच एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याच्या 'वायरिंग' प्रकल्पाने पाया घातला होता. त्याची चिप नॉर्वेच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून आलेल्या एव्हीआर घराण्यातली. आर्डुइनोची सर्वो लायब्ररी उघडून पाहा, आत २०००० मायक्रोसेकंद हा आकडा लिहिलेला सापडेल. तोच वाढपी.

आणि आजच्या विषयाच्या सगळ्यात जवळचं काम पवईत झालं. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने, प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली, सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमधून आर्डुइनोला हुकूम देण्याची सोय तयार केली. बोर्डात एक छोटा प्रोग्राम एकदा भरायचा, मग सायलॅबमधून ओळ लिहायची आणि टेबलावरची सर्वो फिरते. एलईडी, बटण, प्रकाश मोजणारा रोध, थर्मिस्टर, सर्वो, डीसी मोटर असा क्रम त्यांनी पुस्तकरूपाने लावला आहे. याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. पालघर जिल्ह्यातल्या ज्या मुलाला महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, त्याला कॉम्प्युटर, बोर्ड आणि शंभर-दीडशे रुपयांची सर्वो एवढ्यावर नियंत्रणशास्त्राची सुरुवात करता येते. ही छोटी गोष्ट नाही.

उत्तर न देणारा सेवक

आता त्या 'सेवक' शब्दाकडे येऊ, कारण या वारशाची किंमतही आहे.

विमानाचा रेडिओ एकतर्फी होता. जमिनीवरून हुकूम वर जायचा, वरून काही खाली यायचं नाही. गरजही नव्हती, उडवणारा माणूस डोळ्यांनी विमान बघत असायचा. म्हणून सर्वोला तीनच वायर दिल्या: एक वीज, एक जमीन, एक हुकूम. उत्तराची वायरच नाही. दांडा कुठे आहे हे सर्वोच्या आत ठाऊक असतं, पण ते बाहेर सांगायला तिला तोंड नाही.

आर्डुइनोच्या लायब्ररीत 'रीड' नावाचा एक हुकूम आहे. नवशिक्याला वाटतं, यातून सर्वो आत्ता कुठे आहे ते कळेल. तसं होत नाही. तुम्ही शेवटी जो आकडा दिला होता तोच तो परत करतो. दांड्यात काडी अडकली असो, गिअरचा दात तुटला असो, किंवा वायर निघालेली असो, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ९० च दिसतं. आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं.

खेळण्यात याने काही बिघडत नाही. पण सर्वो आता खेळण्यात राहिलेली नाही. शेतातल्या पाण्याच्या झडपा, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले कृत्रिम हात, सगळीकडे ती बसते आहे. दार लागलं असं स्क्रीन सांगतं आणि दार उघडंच असतं. कृत्रिम बोटांनी पेला धरला आहे असं प्रोग्राम मानतो आणि पेला घसरत असतो. ही चूक कोणाच्या कोडमध्ये शोधून सापडणार नाही. १९६० च्या दशकात जो माणूस आकाशाकडे बघत उभा होता, त्याचे डोळे या पद्धतीत गृहीत धरले आहेत. माणूस गेला, गृहीतक राहिलं.

उपाय आहेत. काही सर्वोंना चौथी वायर असते, ती पोटेन्शिओमीटरचं व्होल्टेज बाहेर आणते. साध्या सर्वोचं झाकण उघडून ती वायर स्वतः जोडणारे लोकही आहेत. दांड्याच्या शेवटी एक साधा स्विच लावला तरी "पोचलो" एवढं कळतं. कोरियाच्या रोबोटिस कंपनीच्या 'डायनामिक्सेल'सारख्या मोटर तर स्वतःचा नंबर, जागा, तापमान सगळं परत सांगतात, पण त्या कित्येक पट महाग आणि त्यांची बोली त्यांच्या घरची.

वारसा बदलताही येतो, हे ड्रोनवाल्यांनी दाखवलं. ड्रोनच्या मोटरला सेकंदाला पन्नास हुकूम कमी पडायला लागले, तेव्हा त्यांनी वाट बघणं सोडलं आणि पल्स आखूड केली. एका पद्धतीत ती १२५ ते २५० मायक्रोसेकंद झाली. बघा हं, जुन्या १००० ते २००० चा बरोब्बर आठवा भाग. घर बदललं, पण पाया जुन्याच मापाचा! नंतर त्यांनी पल्सही सोडून थेट डिजिटल आकडे पाठवायला सुरुवात केली. तिथे कुणाला वीस मिलिसेकंदांची आठवणही नाही.

तरीही वीस का टिकलं

मग प्रश्न असा की एवढी मर्यादा असून ही पद्धत साठ वर्षं का टिकली? माझ्या मते, कारण ती कोणाचीच नाही. एक ते दोन मिलिसेकंद, वीसची फेरी, तीन वायर, हे समजायला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. लायसन्स नाही, गुप्त किल्ली नाही, ॲप डाउनलोड करा नाही. जपानी कंपनीची सर्वो, चिनी बोर्ड, इटालियन लायब्ररी आणि वसईत लिहिलेला प्रोग्राम, यांची आधी ओळख नसताना जमतं ते यामुळे.

याचा अर्थ आमच्या भागात डिसेंबरमध्ये दिसतो. वसईच्या ख्रिस्ती गावांतून नाताळचे गोठे उभे राहतात. बाळ येशू, मेंढपाळ, विहीर, पाण्याचं चाक, आणि हलणाऱ्या मूर्ती. पुण्यात गणपतीचे हलते देखावे असतात, त्यांचीच ही चुलत परंपरा म्हणा. जुन्या हातांचं तंत्र म्हणजे वायपरची मोटर, दोरी, लाकडी कॅम. कॅमच्या आकारातच हालचाल कोरलेली असते. मान किती वळावी ते सुताराने ठरवायचं. आता त्याच घरातला नातू तिथे सर्वो लावतो आणि मान किती वळावी ते लॅपटॉपवरून ठरवतो. आजोबा म्हणतात, "जरा हळू वळव," आणि तो आकडा बदलतो. कॅम पुन्हा कोरावा लागत नाही. दोघांना एकत्र काम करता येतं, कारण मधली भाषा दोघांनाही समजावून सांगता येण्याइतकी लहान आहे.

म्हणून वीस मिलिसेकंदांना नावं ठेवायला मी आलेलो नाही. फक्त इतकंच सांगायचंय: जे शिकवताय त्यांनी एकदा तरी सांगा की हा आकडा वाढप्याच्या फेरीचा आहे. जे शिकताय त्यांनी प्रत्येक आकड्याला एकदा विचारून बघा, तू नियम आहेस की वारसा? दहा किलो वजन नऊ ग्रॅमची सर्वो उचलणार नाही, हा नियम. तो बदलत नाही. वीस मिलिसेकंद थांबणं आणि उत्तर न देणं, हा वारसा. तो हवा तर ठेवा, नको तिथे बदला. आणि जिथे कोणाचा हात, कोणाचं दार किंवा कोणाचं शेत त्या मोटरवर अवलंबून आहे, तिथे चौथी वायर जोडल्याशिवाय स्क्रीनवरच्या ९० वर विश्वास ठेवू नका.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात हलता देखावा किंवा गोठा करणारं कोणी असेल, तर यंदा त्यांच्या मांडवाच्या मागे जाऊन बघा काय बसवलंय ते, आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.